एक इंच

मेल आला तेव्हा मी दूध तापत ठेवलं होतं. ‘तुमच्या एका प्रिंटची विक्री झाली आहे’ असा तो नेहमीचा, यंत्राने लिहिलेला मजकूर. खाली फोटोचं नाव, ‘तांबट’. कागद मॅट. आकार ८ बाय १०. गाव जबलपूर. घेणाऱ्याचं नाव नाही. या साइटवर ते कधीच कळत नाही, गाव तेवढं कळतं. मी गॅस बारीक केला आणि उभ्या उभ्या तो मेल तीनदा वाचला. सहा वर्षांत विकला गेलेला हा माझा अकरावा फोटो. आधीचे दहा म्हणजे पावसातली पर्वती, पालखी मुक्कामाला असताना नाना पेठेत पायांना तेल चोळून घेणारे वारकरी, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर बुडालेला भिडे पूल असे. ‘तांबट’ मात्र आजवर कुणी घेतला नव्हता, आणि मला स्वतःला तोच सगळ्यांत जवळचा. जबलपूरला मी कधी गेलेली नाही. तिथल्या कुठल्याशा भिंतीवर कसबा पेठेतली ती अंधारी खोली लागणार, या विचाराने दिवसभर मी हलकी होते. भाजी निवडताना, बँकेत पासबुक भरून घेताना मध्येच आठवायचं, जबलपूर.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि काडी विझवता विझवता एकदम लक्षात आलं. ८ बाय १०.

माझ्या कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन. ती ८ बाय १२ च्या कागदावर पुरती बसते, १२ बाय १८ वरही बसते. ८ बाय १० वर बसवायची तर बारातले दोन इंच जाणार, डावीकडून एक आणि उजवीकडून एक. साइटवर फोटो चढवताना प्रत्येक आकारासाठी कुठून कापायचं ती चौकट सरकवून ठेवता येते. नाही सरकवली तर यंत्र मध्य धरतं आणि दोन्हीकडून सारखं कापतं. बाकी सगळ्या फोटोंना मी ती नीट सरकवली होती. याच एका फोटोला राहून गेलं होतं. हात न पुसताच कॉम्प्युटर लावला आणि प्रिव्ह्यू उघडला. उजवीकडचा इंच म्हणजे धुराने काळवंडलेली भिंत, ती गेली तर गेली. डावीकडच्या इंचात ती मुलगी उभी होती. आता तिथे तिच्या कोपराचं टोक होतं फक्त.

तो फोटो २०१८ च्या डिसेंबरातला. त्या महिन्यात मी ओळीने चार रविवार तांबट आळीत जात होते. पहिल्या दोन रविवारी कॅमेरा पिशवीतच राहिला. कसबा गणपतीवरून पुढे निघालं की आळी दिसायच्या आधी कानाला कळते. लांबून ते ठोके एकसारखे वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक घराचा ठोका वेगळा आहे; पातळ पत्र्याचा चिरका, जाड बुडाचा भरीव. तिसऱ्या रविवारी एका आजोबांनी स्वतःच विचारलं, ‘काढायचाय ना फोटो? मग काढा की. किती दिवस उभ्या राहणार?’ आडव्या लोखंडी दांड्यावर बंब चढवून ते मठारत होते. एक ठोका, भांडं जरासं फिरवायचं, दुसरा ठोका, त्याच्या शेजारी तेवढाच. ओळीला ओळ लागत जाते आणि तांब्यावर मसुरीच्या दाण्याएवढे खळगे उमटत राहतात, प्रत्येक खळग्यात खिडकीचा एकेक तुकडा. हे नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांडं ताठ उभं राहतं, हे मला तिथेच कळलं. माझ्या आजोळी बंब होता, घंगाळ होतं, त्यांच्या अंगावरून मी लहानपणी हजारदा बोट फिरवलं असेल. पण तो प्रत्येक खळगा म्हणजे कुणाचा तरी एकेक ठोका होता हे पन्नाशी उलटल्यावर कळावं, याचं वाईट वाटलं. त्या खोलीत बोलणं शक्यच नव्हतं. आवाज कानातून आत शिरून दातांपर्यंत जायचा. माजघराच्या दारात त्यांची नात आली, चारेक वर्षांची, फ्रॉकवर मोठ्या माणसाचा स्वेटर घातलेली. तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती, कोपरं पंखांसारखी बाहेर काढली होती आणि आजोबांकडे बघून ती हसत होती. मी एकच फोटो काढू शकले. दुसऱ्याच्या आत ती पळाली.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला आणि मग समजलं की आपल्या हाती काय लागलंय. शटर थोडं संथ ठेवलेलं, त्यामुळे हातोडा पुसट आलाय. बंबावरचा नारिंगी उजेड आजोबांच्या हनुवटीखाली पडलाय. नजर आधी तिथे जाते, हातोड्यावर, मग बंबावरून डावीकडे घसरते, आणि अगदी काठावर ती कानांत बोटं घातलेली मुलगी दिसते. त्या क्षणी आवाज ऐकू येतो. फोटोला आवाज नसतो, त्या फोटोतला आवाज ती मुलगी आहे. ती नसेल तर एक म्हातारा माणूस भांडं ठोकतोय एवढंच, असे फोटो पुण्यात हौशी लोकांनी शेकड्यांनी काढलेत.

हे मला उगाच वाटतं असं नाही. पुढच्या वर्षी आमच्या ग्रुपने बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन भरवलं होतं, तिथे हा फोटो १२ बाय १८ मध्ये लावला होता. तीन दिवस मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. माणसं फोटोसमोर कशी थांबतात ते पाहणं हा फार मोठा आनंद असतो, आणि तो मला त्या तीन दिवसांत पोटभर मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ हेल्मेट हातात धरून आले, फोटोपुढे क्षणभर थांबले, पुढच्या फोटोकडे गेले, आणि मग काहीतरी राहिल्यासारखे मागे फिरले. वाकून डाव्या कोपऱ्यात पाहिलं. बायकोला हाक मारून म्हणाले, ‘केवढा आवाज असेल गं तिथे!’ मी काही बोलले नाही. फोटो काढण्याबद्दल मला आजवर मिळालेली ही सगळ्यांत मोठी पावती आहे. साइटवर मला आकडे दिसतात, अमुक जणांनी पाहिला, तमुक जणांनी पसंत केला. पण तिथून मागे फिरून कुणी आलं का, हे कुठल्याच आकड्यात कळत नाही.

प्रिव्ह्यूमधलं ते कोपराचं टोक पाहताना मला आत्याचा हात आठवला.

आमच्या दादांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोळात बारा फोटो, सगळे चौकोनी. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी बराच वेळ जायचा. दादा कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून म्हणायचे, ‘कडेचे जरा आत या.’ एवढं एकच वाक्य. कोण मधे आहे याची त्यांना फिकीर नसायची, मधले येतातच, कडेचे राहतात. रोळ धुऊन आला की काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवून फोटो बसवायचा, मधे बटर पेपर. माझ्या धाकट्या काकांच्या मुंजीतला एक फोटो मात्र दादांनी मोठा करून घेतला आणि फ्रेम करायला दिला. फ्रेमवाल्याकडे चौकोनी चौकट तयार नव्हती. त्याने हाताशी होती ती उभी चौकट घेतली आणि फोटो दोन्ही बाजूंनी कापून तिच्यात बसवला. डावीकडे आत्या उभी होती, दादांच्या खांद्यावर हात ठेवून. आत्या गेली, हात राहिला. दादा फ्रेम घेऊन आले तेव्हा जेवले नाहीत. कापलेला तुकडा आणायला परत गेले, तोवर तो केरात गेला होता. ती फ्रेम आमच्या बाहेरच्या खोलीत चाळीस वर्षं होती. आत्या यायची, कुणी तिच्यासमोर हळहळलं की पुढे होऊन काचेवर बोट ठेवायची आणि म्हणायची, ‘आहे की मी. हा काय माझा हात.’ तिच्या आवाजात खरंच तक्रार नसायची. पण दादा प्रत्येक वेळी उठून आत जायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणजे हे सगळं मला माहीत असूनसुद्धा, माझ्याच घरच्या भिंतीवर असूनसुद्धा, माझ्या हातून ते घडलं.

फोटो विकायला ठेवायचं ठरवलं तेव्हा मी किती काळजी घेतली होती! नोकरी सोडून थोडेच महिने झाले होते, वेळ होता. साइट छापणार, गुंडाळणार, पाठवणार. छपाईचा दर त्यांचा, त्याच्यावर आपण आपली रक्कम चढवायची. मी तीनशे रुपये चढवले. इंचाला ३०० ठिपके धरले तर माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फाईलमधून २० इंच रुंद प्रिंट निघतो, हे मी वहीत गणित मांडून तपासलं. पहिला नमुना स्वतःच मागवला तर तो काळाठिक्कर आला. आजोबांचा चेहरा दिसेचना. मग कळलं, की स्क्रीन मागून उजळलेला असतो आणि कागद नुसता आपल्यावर पडेल तेवढाच उजेड परत देतो. मॉनिटरचा उजेड निम्म्यावर आणून मी सगळ्या फायली पुन्हा केल्या. तांब्याचा तो नारिंगी रंग मॅट कागदावर मरतो, म्हणून तो किती वाढवावा यात दोन आठवडे घालवले. आता वाटतं, सगळं लक्ष ठिपक्यांकडे आणि रंगाकडे होतं. काठ मोजायचा राहिला.

८ बाय १० हा आकार आला कुठून, हेही मी त्या रात्री वाचत बसले. झोप येत नव्हती. तो मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यांचा आकार, ज्यात तेवढीच काच किंवा फिल्मची तेवढीच शीट घालत. माझी तीनास दोन ही चौकट छोट्या फिल्मची. सिनेमाची फिल्म आडवी धावती करून ऑस्कर बर्नाकने कॅमेरा बनवला, सिनेमाच्या दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ मिलिमीटरची एक केली, आणि १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला. म्हणजे आजच्या कॅमेऱ्यांतून जे निघतं ते एका घराण्याचं आणि फ्रेमच्या दुकानात ८ बाय १० म्हणून टांगलेलं असतं ते दुसऱ्या. शंभर वर्षं झाली तरी दोघांचा मेळ नाही, आणि त्या फटीत कडेला उभी असलेली माणसं पडतात.

रात्रीच साइटला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं. ऑर्डर छपाईला गेली आहे, ग्राहकाने प्रिव्ह्यू पाहून मान्य केला आहे, आता बदल करता येणार नाही. ‘ग्राहकाने प्रिव्ह्यू पाहून’ या शब्दांपाशी मी अडकले. म्हणजे त्या माणसाने, किंवा बाईने, पुरा फोटो पाहिला असणार, कारण गॅलरीत तो पुराच दिसतो. मग ८ बाय १० निवडला आणि मुलगी जाताना पाहिली. की पाहिलीच नाही? की घरी ८ बाय १० ची रिकामी चौकट होती आणि तीत काहीतरी हवं होतं? की त्यांनाही आजोबाच हवे होते. कदाचित त्यांच्या घरात कुणी असं काम केलं असेल, जबलपूरला काय किंवा आणखी कुठे काय. यातलं काहीही खरं असू शकतं. त्यांनी पैसे मोजले, आवडलं ते घेतलं. यात चूक काढायला मला जागा नाही, आणि तरी त्यांचा मला राग येत होता, हेही खरं. भारतात २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवर काढणाऱ्याचा हक्क आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. आपल्या कृतीची मोडतोड करून कुणी आपल्या नावाला बाध आणला तर हरकत घेण्याचा हक्क कायद्यात वेगळा दिलेला आहे. पण इथे कात्री कुणी चालवली? चौकट मी सरकवली नाही.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त लागलं ते निराळंच होतं. सहा वर्षं मी तो फोटो विकायला ठेवला होता, पण ज्यांचा फोटो त्यांना कधी नेऊन दाखवला नव्हता. ‘आणून देते हं’ असं त्या दिवशी म्हणाले होते. प्रदर्शन झालं, मग टाळेबंदी आली, मग राहिलंच. जगात कुणालाही मागवता येईल असा तो प्रिंट कसब्यात पोचला नव्हता.

मी ८ बाय १२ मध्ये एक प्रिंट काढून घेतला, अख्खा, आणि गेल्या रविवारी निघाले. पूर्वी बसने मनपापर्यंत जाऊन पुढे चालत जायचे. आता नळ स्टॉपला मेट्रोत बसलं, कोर्टापाशी बदलली, की जमिनीखालून एका स्टेशनावर कसबा पेठ. वर आल्यावर क्षणभर दिशा कळेना. मग कान दिला. ठोके पूर्वीपेक्षा कमी वाटले, पण होते.

आजोबा होते. बसायची जागा खिडकीकडे सरकली होती, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. मी ओळख सांगितली, त्यांना आठवली नाही, तसं त्यांनी सरळ सांगितलं. फोटो हातात घेऊन ते उजेडाकडे गेले. स्वतःकडे त्यांनी पाहिलंच नाही, बंबाकडे पाहिलं. बराच वेळ. मग एका ठिकाणी नख ठेवून म्हणाले, ‘ही ओळ उतरलीय बघा.’ मला काही दिसेना. मी तीनशे रुपयांचं पाकीट काढलं आणि सगळं सांगितलं, साइट, जबलपूर, कापलेला इंच. पाकीट त्यांनी बाजूला सारलं. ‘माझा बंब विकला गेला तेव्हा तुम्हाला काही दिलं का मी?’ मी म्हटलं, तसं नाही, यात तुम्ही आहात. ते म्हणाले, ‘त्यात पण मीच होतो की.’ मग जरा थांबून, काम करणाऱ्या माणसाच्या सुरात, ‘दुकानात गेलेलं भांडं कुणाच्या घरी गेलं ते आपण विचारत नाही. पण पोचा आला की ते फिरून इथेच येतं. तुमचं तसं नाही ना?’

नाही, म्हटलं. आमचं परत येत नाही.

मुलगी माजघराच्या दारात बसली होती, त्याच दारात, आता दहा-अकरा वर्षांची. मांडीवर वही, प्रश्नोत्तरं उतरवत होती. आजोबांनी फोटो तिच्याकडे दिला. तिने आधी स्वेटर ओळखला, ‘हा बाबांचा.’ मग विचारलं, ‘कुठून कापला गेला?’ मी बोटाने दाखवलं. तिने स्वतःवर अंगठा ठेवला आणि फोटो जरा लांब धरून पाहिला. अंगठा काढला. पुन्हा ठेवला. ‘आता आजोबा एकटेच,’ म्हणाली. आजोबांनी तोवर नवं भांडं दांड्यावर चढवलं होतं. पहिला ठोका पडला आणि माझे खांदे आपोआप वर गेले. ती मात्र जराही हलली नाही. एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा अजून फोटोच्या काठावर खालीवर होत होता.